गळालेलं 'नाही'

श्रीनिवास तांबवेकर वकिलांच्या वाक्यात शिरलेला माणूस दुसऱ्या टोकाने कधी बाहेर पडेल याचा काही नेम नसे. सांगलीच्या कोर्टात त्यांची ही ख्यातीच होती. "माझ्या विद्वान मित्रांचा मुद्दा मला मान्य आहे, त्यांनी दिलेले दाखले चोख आहेत, त्यांच्या अशिलाबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे, तथापि एवढ्यावरून दावा सिद्ध होतो असं मात्र मुळीच नाही." समोरचा वकील 'सहानुभूती'पर्यंत खुशीत मान डोलावत असे आणि शेवटच्या शब्दाला तोंडावर आपटत असे. सगळं देऊन टाकायचं आणि जाता जाता सगळं काढून घ्यायचं, ही त्यांची तऱ्हा होती.

कोर्टात ठीक होतं. पण माणूस घरी येताना कोट खुंटीला अडकवतो, जीभ अडकवत नाही. त्यांच्या पत्नी नीलिमाताई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. त्या नवऱ्याचं बोलणं कुकरसारखं ऐकत, म्हणजे आत काय शिजतंय ते शिजू द्यायचं, शेवटची शिट्टी तेवढी मोजायची. आणि शेवटची शिट्टी बहुतेक वेळा 'नाही' हीच असे. लेक मृण्मयी पुण्यात, तिच्या पोटी एकुलती एक नात, आणि नातीचं रांगणं, चालणं, पडलेले दात हे सगळं आजीने फोनच्या पडद्यावर पाहिलेलं. "आपण पुण्याला जाऊन राहू या का हो?" हा प्रश्न नीलिमाताईंनी इतक्या वर्षांत इतक्या तऱ्हांनी विचारला होता, की आता त्याचा पाढा झाला होता. उत्तर मात्र दरवेळी नव्या सजावटीने येई आणि त्याच शब्दावर संपे.

मग वकिलांना पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. डोकं मात्र लखलखीत शाबूत राहिलं. ज्या माणसाने आयुष्यभर शब्दांवर घर चालवलं, तो 'आ' आणि 'ऊ' एवढ्यावर आला. नीलिमाताईंनी त्या दिवसांत एकदाही पुण्याचं नाव काढलं नाही.

तोवर जग बरंच पुढे गेलेलं होतं. ज्यांची वाचा गेली त्यांच्या कवटीखाली नखाएवढी चकती बसवायची, हे मोतीबिंदूच्या ऑपरेशनइतकं सवयीचं झालं होतं. माणूस बोलायचं ठरवतो तेव्हा मेंदू जीभ, ओठ, घसा यांना हुकूम सोडतो. वाटेत कुठे तरी तार तुटलेली असते म्हणून तो हुकूम पोचत नाही, पण सुटलेला तर असतोच. चकती तो हुकूम तिथल्या तिथे पकडते, त्यातून अक्षरं ओळखते आणि गळ्यात अडकवलेल्या पेटीकडे पाठवते. पेटी ती अक्षरं उच्चारते. कंपनीने तिला काहीतरी भारदस्त संस्कृत नाव दिलं होतं, पण लोक तिला बोलपेटीच म्हणत. वकिलांच्या जुन्या भाषणांची ध्वनिमुद्रणं भरपूर होती, त्यामुळे पेटीला आवाजही त्यांचाच मिळाला.

मिरजेहून पेटी घेऊन ते घरी आले त्या दुपारी मृण्मयी पडद्यावर होती. पेटीतून पहिल्यांदा "चहा कर" असं खणखणीत आलं आणि मायलेकी दोघी रडल्या. मग मृण्मयीने, बाबांना बोलता येतंय या आनंदात, नको तोच विषय काढला.

"बाबा, आता तरी पुण्याला याल ना? इथे डॉक्टर आहेत, आम्ही आहोत."

वकिलांनी क्षणभर डोळे मिटले. पेटी बोलली, "मला घर सोडून पुण्याला राहायला जायचं."

नीलिमाताईंना आधी खरंच वाटेना. मग त्यांच्या चेहऱ्यावर काय काय उमटलं ते त्यांना कळायचं कारण नव्हतं, आरसा समोर नव्हता. वकील मात्र पेटीकडे बघत राहिले होते, कोणीतरी खोटी साक्ष द्यावी तसे. मग त्यांनी बायकोकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं, आणि काही न बोलता मान मागे टेकवली. दमले असतील, असं नीलिमाताईंना वाटलं.

त्यानंतरचे महिने त्या घरात सुखाचे गेले, आणि ते सुख जरा अवघडल्यासारखंही होतं. माणूस आजारी पडून सुधारला असं म्हणायची लाज वाटते, पण तसंच झालं होतं. वकील मोजकं बोलू लागले. वाद घालेनात. मधूनच एखादं वाक्य अर्धं सोडून देत, पण डॉक्टरांनी सांगितलंच होतं, की थकवा येईल. बाकी हो ला हो. "कायद्याची पुस्तकं कोणाला द्यायची," असं ते एकदा म्हणाले. तो प्रश्न नव्हता, ती परवानगी होती. पेटीचा सूर तसा स्पष्ट खाली उतरला होता. नीलिमाताईंनी लगेच वकील मंडळींच्या वाचनालयाशी बोलून गठ्ठे बांधायला घेतले. एकदा तर जेवताना पेटी म्हणाली, "कारल्याची भाजी मला या जन्मी आवडणार." नीलिमाताई थक्क झाल्या. माहेरी त्यांचं कारलं नावाजलेलं होतं आणि सासरी ते कोणी पानात घेत नसे. तेव्हापासून दर आठवड्याला कारलं होऊ लागलं आणि वकील ते निमूटपणे संपवू लागले.

एकदाच काय ती चुकामूक झाली. नीलिमाताईंची धाकटी बहीण चार दिवस राहायला यायचं म्हणत होती. पेटी म्हणाली, "तुझ्या बहिणीला बोलवायला माझी हरकत." नीलिमाताईंचा चेहरा पडला. लगोलग पेटी पुन्हा बोलली, "बोलव. बोलव तिला." त्या हसल्या आणि तो प्रसंग विसरून गेल्या.

पुण्यात लेकीच्याच इमारतीत फ्लॅट ठरला. सामान हलवायचा दिवस ठरला. सामानाचा अंदाज घ्यायला जावई आला. अरविंदन कोइमतूरचा. त्याची मराठी 'बसा' आणि 'बास' यांच्यामध्येच कुठेतरी अडकलेली, म्हणून सासरे-जावई इंग्रजीतच बोलत. संध्याकाळी ओट्यावर बसून अरविंदन सहज म्हणाला, की काहीही म्हणा, चहापेक्षा फिल्टर कॉफीच श्रेष्ठ. आणि वकिलांनी त्याला धरला. कॉफीचा सुगंध मान्य, पितळी पेल्याचा डौल मान्य, दक्षिणेची परंपरा मान्य, तथापि श्रेष्ठत्व सिद्ध होत नाही! वाक्यामागून वाक्य, एकही अर्धं नाही, प्रत्येकाची शेपूट जागच्या जागी. अरविंदन हसून हसून बेजार झाला.

आत पोहे परतता परतता नीलिमाताईंचा हात थांबला. हा तर जुना माणूस होता. तो इंग्रजीत सबंध सापडतो आणि मराठीत तोकडा का पडतो, हे काही त्यांच्या पचनी पडेना. आजाराला भाषा कळत नसते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पेटी तपासणीला म्हणून काढून घेतली, वकिलांना अरविंदनच्या हवाली केलं आणि मिरजेचं बोलपेटीचं केंद्र गाठलं. तिथे पेटीच्या आतला प्रोग्राम सांभाळणारी इंजिनिअर होती रुबीना मुजावर, चाळिशीची, चष्मा कपाळावर ठेवून तोच शोधणारी.

"तक्रार काय आहे, काकू?"

"तक्रार अशी की आमचे हे इंग्रजीत नाही म्हणतात आणि मराठीत हो म्हणतात."

रुबीना हसली. "हे तर निम्म्या महाराष्ट्राचं दुखणं आहे." पण तिने पेटी जोडली, एक लांबलचक मराठी वाक्य आत सोडलं आणि तिचं हसू मावळलं. मग एक आखूड वाक्य. मग पुन्हा लांब. मग तिने कपाळावर हात मारून घेतला, त्यात चष्मा सापडला.

"काकू, तुम्हाला एसटीच्या भाषेत सांगते. मेंदूतली चकती प्रत्येक अक्षराला सारखं घर देते. इंग्रजी असो, मराठी असो, एका अक्षराला एक ऐसपैस खोली. याला आम्ही वाइड कॅरेक्टर म्हणतो. पण आवाज काढणारा भाग जुना आहे, त्याला अक्षरं गाडीत बसवून न्यावी लागतात, आणि गाडीत मापाप्रमाणे जागा. इंग्रजी अक्षर सडाफटिंग, त्याला एक सीट पुरते. मराठी अक्षराबरोबर बोचकी असतात, त्याला तीन सीटा लागतात. काना, मात्रा, अनुस्वार, प्रत्येकाला वेगळ्या तीन. याला मल्टिबाइट म्हणतात."

"बरं, मग?"

"खोल्यांतून गाडीत बसवणारा एक कंडक्टर असतो. सी नावाच्या फार जुन्या भाषेतलं फंक्शन आहे ते, माझ्या जन्माच्या आधीचं, अजून इमानाने चालतंय. तुम्ही त्याला सांगायचं, गाडीत सीटा किती. ज्याने कोणी हे लिहिलं त्याने शंभर सांगितल्या. त्याच्या मनात शंभर अक्षरं होती. इंग्रजीत ते खरं. मराठीची तिशी गाठली, की गाडी भरली."

"आणि उरलेली अक्षरं?"

"स्टँडवर. कंडक्टर डबल बेल मारतो आणि निघतो. तो ओरडत नाही, भांडत नाही, माणसं मागे राहिली म्हणून सांगतही नाही. मला एवढे बसवता आले, इतकंच सांगतो. ते नीट ऐकणं हे लिहिणाऱ्याचं काम होतं. वाक्य संपल्याची खूणही मग बसत नाही. पुढचा आवाजाचा भाग शहाणा. त्याला तुटकं टोक दिसलं की तो अर्धा शब्द टाकून देतो आणि सूर खाली उतरवून वाक्य पुरं झाल्यासारखं करतो."

"पण मग इतके दिवस कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"कारण आजारी माणूस 'पाणी द्या', 'पाठ दुखते' असंच बोलतो हो. आम्ही तपासलंही तसंच. तांबवेकर वकिलांसारखं पेशंट आम्हाला मिळालं नव्हतं."

भूगोलाच्या बाईंना नकाशा दिसायला वेळ लागत नाही. मराठीत रांगेच्या शेवटी नेहमी कोण उभं असतं? इंग्रज आपला नकार पुढेच सांगून मोकळा होतो. आपण सगळं सांगून झालं, की मग नाही म्हणतो. मला घर सोडून पुण्याला राहायला जायचं. पुस्तकं द्यायची. कारलं या जन्मी आवडणार. प्रत्येक वाक्याच्या मागे स्टँडवर एक 'नाही' उभं होतं, आणि महिनोन् महिने ते एकामागून एक तिथे साचत गेलं होतं.

"दुरुस्त होईल?" त्यांनी विचारलं. आपण हा प्रश्न किती हळू विचारला ते त्यांचं त्यांना जाणवलं.

"का नाही? आधी रांग मोजायची, मग तेवढी मोठी गाडी मागवायची, मग माणसं बसवायची. दोन ओळींचं काम आहे. तुम्ही फोनवर संमती दिलीत, की घरबसल्या पेटीत येईल." रुबीनाने पेटी परत दिली. मग ती सहज म्हणाली, "आणि घाबरू नका, आखूड बोलणं आजही नीट जातं. नुसतं 'नाही' म्हटलं तर कितीदाही जाईल."

रिक्षा सांगलीत विश्रामबागेपर्यंत आली तरी ते शेवटचं वाक्य नीलिमाताईंच्या डोक्यातून जाईना. नुसतं 'नाही' गेलं असतं. मग हे एकदाही का म्हणाले नाहीत? कान तर धड होते. पेटी काय बोलते ते त्यांना पहिल्या दिवसापासून ऐकू येत होतं. ज्या माणसाने पैजेवर उन्हाला सावली म्हणून दाखवलं असतं, तो आपलं बोलणं उलटं झालेलं ऐकून गप्प बसला. का? एकच कारण त्यांना सुचलं आणि ते कारल्याहून कडू होतं. ज्याच्याशी भांडायचं, तो माणूस आपला वाटावा लागतो. आपल्याशी भांडण्यातला त्यांचा रसच संपला असेल तर?

घरी आल्यावर त्यांनी पेटी वकिलांच्या गळ्यात घातली. "काय म्हणाले?" पेटीने विचारलं. "काही नाही, साफ केली," नीलिमाताई म्हणाल्या. आयुष्यात त्यांनी फार थोड्या थापा मारल्या होत्या, आणि ही जमली.

संमतीचा संदेश फोनवर येऊन बसला होता. नुसतं बोट टेकवायचं होतं. टेकवलं की 'नाही' परत येणार आणि पुणं जाणार. न टेकवलं तर चार दिवसांनी टेम्पो दारात येणार होता. नात रोज संध्याकाळी मांडीवर बसणार होती. कोणालाही काही कळणार नव्हतं. नीलिमाताई दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या बोटाशी झगडल्या. मनाने त्यांना हजार वकिली मुद्दे पुरवले. तेच म्हणाले ना? स्वतःच्या आवाजात म्हणाले. आपण काही जबरदस्ती केली नाही.

अरविंदन सकाळीच पुण्याला परतला होता. जेवायला कारलं होतं. वकिलांनी डाव्या हाताने पहिला घास घेतला आणि नीलिमाताईंनी आज प्रथमच, वाढता वाढता नव्हे तर थांबून, त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. घास गिळताना माणसाचे डोळे घट्ट मिटले गेले होते. मग ते उघडले, बायकोवर गेले, आणि वकील हसले. छान झालंय, अशी मान हलवली.

नीलिमाताईंना एकदम बहिणीचा प्रसंग आठवला. हरकत. आणि मग लगेच, घाईघाईने, बोलव, बोलव तिला. म्हणजे पेटीने वाक्य तोडून त्यांना दुखवलं तेव्हा या माणसाने ते तत्काळ सावरलं होतं. पेटीने वाक्य तोडून त्यांना सुखावलं, तेव्हा मात्र तो मूग गिळून बसला होता. मुगाबरोबर कारलंही गिळत होता.

पदराला हात पुसून त्यांनी फोन उचलला आणि बोट टेकवलं. पेटी क्षणभर मुकी झाली, मग तिचा बारीक दिवा हिरवा झाला.

"अहो," त्या म्हणाल्या, "आता पेटी तुमचं वाक्य तोडणार नाही. मोठं बोला. आणि खरं बोला. पहिल्याच दिवशी नुसतं 'नाही' का म्हणाला नाहीत?"

वकिलांनी डाव्या हाताने ताट बाजूला सारलं. मग पेटीतून कित्येक महिन्यांनी एक सबंध तांबवेकरी वाक्य आलं.

"ज्या दिवशी ही पेटी गळ्यात पडली त्याच दिवशी माझ्या लक्षात आलं, की ती माझं बोलणं अर्ध्यावर कापते आणि मी म्हटलं त्याच्या बरोबर उलट सांगते, आणि मी दुरुस्ती करणारच होतो, दोन अक्षरांचं काम होतं, पण तेवढ्यात तुझा चेहरा दिसला, आणि नीलिमा, माझ्या एवढ्या वाक्यांपैकी एकाही वाक्याने तुझा चेहरा तसा झालेला मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता."

"म्हणून गप्प बसलात? इतके महिने?"

"सवय लागली. तू खूश व्हायचीस."

"आणि कारलं?"

"कडू होतं," पेटी म्हणाली. "फार कडू होतं."

नीलिमाताई हसल्या आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. "मी टेम्पो रद्द करते," त्या म्हणाल्या. "तुमच्या मनाविरुद्ध मला पुणं नको. मृण्मयीला मी समजावीन."

वकिलांनी डावा हात वर केला. कोर्टात समोरच्याला थांबवायला करत, तसाच.

"पुणं मला आवडत नाही," पेटी बोलू लागली. "मृण्मयीच्या त्या नवव्या मजल्यावरून खाली पाहिलं की पोटात गोळा येतो, तिथे भडंग म्हणून जे विकतात तो भडंगाचा अपमान आहे, ओट्यावर बसून कोर्टात जाणाऱ्या पोरांना हटकायचं सुख तिथे कोणी मला देणार नाही, आणि घर सोडायला पहिल्या दिवशी माझा जो विरोध होता तो आजही तसूभर कमी झालेला नाही."

एरवी नीलिमाताई इथे उठल्या असत्या. शिट्टी झाली होती. पण वकिलांचा हात अजून वरच होता, म्हणून त्या बसून राहिल्या.

"तथापि," पेटी म्हणाली, "नातीशी बोलताना तुझा जो चेहरा होतो तो मी आता पाहून ठेवलेला आहे, आणि तो रोज पाहायचा सोडून, या घरात खटला जिंकून बसायचं, हे काही मला जमणार नाही."

नीलिमाताईंनी पुढे होऊन तो वर धरलेला हात दोन्ही हातांत घेतला. त्यांना बोलायचं होतं ते सुचेना, आणि सुचलं तेव्हा आवाज फुटेना. वकिलांची पेटी तेवढी चालू होती.

"पुस्तकं मात्र द्यायची नाहीत."

"म्हणजे?" नीलिमाताईंचा आवाज लगेच परत आला. "अहो, गठ्ठे बांधून झालेत! उद्या वाचनालयाची माणसं न्यायला येतायत."

"येऊ देत. चहा पाजून परत पाठव."

"आणि एवढी पुस्तकं ठेवणार कुठे? फ्लॅट आहे तो, कोर्ट नव्हे. निम्मी न्या."

"फ्लॅट लहान आहे हे मान्य, भिंती कमी आहेत हे मान्य, तुझ्या कपाटांना जागा हवी हेही मान्य, तथापि..."

"तथापि काही नाही!" नीलिमाताई म्हणाल्या, खुर्ची पुढे ओढून नीट बसल्या, आणि पुढचं ऐकू लागल्या.